नकाराखालचं नाव

माइक जरा खाली घेता का दादा? हो. बस, एवढंच.

मावशी, आनंद, दर्यापूरहून आलेली सगळी मंडळी, आमच्या ऑफिसातले सर आणि सहकारी, ड्यूटी बदलून आलेल्या सिस्टर, आणि अचलपूरचे गजाननभाऊ. भाऊ, तुम्ही अगदी मागे भिंतीला टेकून बसलात. मला दिसलं. तुम्ही आलात, बरं झालं.

मी शुभांगी. ऑफिसात प्रज्ञाच्या शेजारी बसायचे. बसायचे काय, अजून तिथंच बसते. तिची खुर्ची कुणी हलवलेली नाही. सफाईवाल्या बाई रोज ती खुर्ची पुसतात आणि परत टेबलाला लावून ठेवतात.  

आज बोलायचं कसं, ते मला कळत नाही. माणूस गेल्यावर आपण म्हणतो, ती चांगली होती, हसतमुख होती. प्रज्ञा हसतमुख नव्हती. भांडायची. एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली की ती रुमाल उचलून विचारायची, "हा कोणाचा आहे? माणूस कुठाय?" माणूस सापडेपर्यंत खाली बसायची नाही. मी म्हणायचे, बस ना बाई, गाडी सुटते. ती म्हणायची, "शुभे, रुमाल जागा धरत नसतो. माणूस धरतो."

तिचं काम काय होतं, हे इथल्या पुष्कळांना नीट माहीत नाही. तिच्या आईला, म्हणजे मावशींना, तर ती इतकंच सांगायची की मी कॉम्प्युटरचं गेट सांभाळते. ते खरंही होतं.

अमरावती आणि अकोल्याकडचे बरेच दवाखाने, रक्तपेढ्या, अ‍ॅम्ब्युलन्स हे सगळं जोडणारी एक यंत्रणा आमची कंपनी चालवते. ती एक मोठी मशीन नाही. छोट्या छोट्या सेवा आहेत. एक सेवा रिकामी खाट शोधते. एक रक्त शोधते. एक गाडी पाठवते. एक रुग्णाचं योजनेचं कार्ड तपासते. या सेवा आपसात बोलतात, एकमेकींना मागणी करतात. आणि मध्ये गेट आहे. प्रत्येक मागणी गेटवर थांबते, तिथं नियम लावले जातात, आणि गेट म्हणतं, जा. नाहीतर म्हणतं, नाही. हे गेट प्रज्ञाकडे होतं. नियम तिनं बनवलेले नव्हते. नियम कुठून कुठून आलेले होते. ती फक्त ते नीट लागतात की नाही, हे पाहायची.

आणि ते नीट लागत होते. ज्या दिवशी माधुरी गेली, त्या दिवशीही नियम नीटच लागले होते.

गजाननभाऊ, मी सांगू का? तुम्ही मान हलवली. सांगते.

माधुरी म्हणजे गजाननभाऊंची पत्नी. भाऊंचं अचलपूरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. माधुरीचं बाळंतपण झालं, मुलगी झाली, आणि रक्तस्राव थांबेना. दवाखान्यानं आमच्या यंत्रणेतून रक्ताची मागणी टाकली. मागणी गेटवर आली. नियम असा होता की कार्डाची खात्री झाल्याशिवाय रक्त राखून ठेवायचं नाही. गेटनं कार्ड तपासणाऱ्या सेवेला विचारलं. त्या सेवेनं उत्तरच दिलं नाही. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. बंद पडली होती. आणि गेटमध्ये आधीपासून अशी सोय केलेली होती की उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा.

दवाखान्याच्या स्क्रीनवर दोन शब्द आले. विनंती नाकारली.

त्यांनी पुन्हा टाकली. पुन्हा तेच. मग कुणीतरी मोटरसायकल घेऊन रक्तपेढीकडे पळालं. रक्त आलं. उशिरा आलं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलं असतं तर कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही.

हा 'कदाचित' प्रज्ञाच्या मानगुटीवर बसला. शेवटपर्यंत उतरला नाही.

मग बैठक झाली. सगळे होते. दवाखाना म्हणाला, आम्ही मागणी पाठवली. रक्तपेढी म्हणाली, आमच्यापर्यंत मागणी आलीच नाही. कार्डवाले म्हणाले, आम्ही नाही म्हटलंच नाही. आमची कंपनी म्हणाली, नियमाप्रमाणे झालं, गेटनं त्याचं काम बरोबर केलं. आणि ऐका, मंडळी, यात कुणी खोटं बोलत नव्हतं. हेच भयानक होतं. एक बाई गेली, आणि खोलीतला एकूण एक माणूस खरं बोलत होता.

प्रज्ञानं विचारलं, "मग नाही कोण म्हणालं?"

 ती पुढचे कित्येक दिवस तेच शोधत होती. उत्तर आलं नाही तर नकार समजायचा, हे कुणी ठरवलं? जुने लोक शोधले, नोकरी सोडून गेलेल्यांना फोन केले. शेवटी एवढंच निघालं की यंत्रणा बसवताना ते तसंच आलं होतं. पहिल्यापासून तसंच होतं. कुणी बदललं नाही, कारण कुणी पाहिलं नाही. म्हणजे माधुरीला नाही म्हणायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

जेवणाचा डबा पुढ्यात उघडा होता आणि ती मला म्हणाली, "शुभे, एखादा बदमाश सापडला असता तर बरं झालं असतं वं. त्याले धरलं असतं. इथं तं कोनीच नाई. रिकामी खुर्ची नाही म्हनते आन बाई मरते."

मग ती म्हणाली, मी अचलपूरला जाते. सरांनी अडवलं. सर, तुम्ही इथं आहात, तुम्हीही नाकारणार नाही. तुमचं म्हणणं होतं, कंपनीचं माणूस घरी गेलं तर आपण चूक कबूल केल्यासारखं होईल. ती म्हणाली, "मी कंपनीची म्हणून नाही जात. गेटवाली म्हणून जाते." मी सोबत गेले. तिकडे जाणाऱ्या परतवाड्याच्या गाडीत तिनं त्या दिवशी कुणाचा रुमालही उचलला नाही.

भाऊ दुकानातच होते. एक मोटार उघडी पडली होती, तांब्याची तार गुंडाळणं अर्धवट राहिलं होतं. आतल्या खोलीत बाळ रडत होतं आणि भाऊंची आई त्याला थोपटत होती. प्रज्ञानं सगळं सांगितलं. कुठं थांबलं, का थांबलं, काही लपवलं नाही. भाऊंनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मॅडम, मले हे मशीनचं समजते. मी मशीनचंच काम करतो. मले फक्त नाव सांगा. माह्या बायकोले नाई कोन म्हनलं?"

प्रज्ञा म्हणाली, "नाव नाही भाऊ. मी लय शोधलं. नाहीच."

"असं कसं नाई? नाई म्हनलं म्हन्जे कोनीतरी म्हनलं."

प्रज्ञा म्हणाली, "भाऊ, गेट माझ्याकडे आहे. माझं नाव घ्या."

मी तिचा हात दाबला. तिनं सोडवून घेतला.

भाऊंनी तिला माफ केलं नाही. मी इथं गोड बोलायला उभी नाही, म्हणून सांगते, माफ केलं नाही. ते म्हणाले, "मंग तुमचा नंबर देऊन जा. मले बोलावंसं वाटलं तर मी कोनाशी बोलू? भिंतीशी?"

तिनं नंबर दिला. आणि भाऊ फोन करायचे. दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसलं की. ती हातातलं काम सोडून उचलायची. बहुतेक वेळा ते बोलतच नसत. मी शेजारी बसलेली असायचे, मला त्या फोनमधून दुकानातला पंखा ऐकू यायचा. ती म्हणायची, "आहे मी भाऊ." बास. मग ते ठेवून द्यायचे. मी एकदा म्हटलं, अगं, असं कसं चालेल, तुला त्रास होतो. ती म्हणाली, "त्याचा हक्क आहे तो."

त्यानंतर तिनं एकच धोशा लावला. गेटवरच्या प्रत्येक नियमाला एक माणूस पाहिजे. जिवंत माणूस. विभाग नको, कमिटी नको, 'व्यवस्थापन' नको. गेटनं नाही म्हटलं की स्क्रीनवर त्या नकाराखाली त्या माणसाचं नाव यायला पाहिजे आणि फोन नंबर. समोरच्याला विचारता आलं पाहिजे, बाबा, तू नाही का म्हणतोस? आणि एखादी सेवा गप्प बसली तर गेटनं तो नकार समजायचा नाही, माणसाला फोन लावायचा. त्या माणसानं जे ठरवलं, ते का ठरवलं, तेही त्याच्याच नावावर.

किती विरोध झाला, ते तुम्हाला माहीत आहे. कोर्टात खेचतील म्हणाले. रात्रंदिवस फोन येतील म्हणाले. एक साहेब म्हणाले, "मॅडम, यंत्रणा यासाठीच असते की माणसाला मध्ये पडावं लागू नये." प्रज्ञा म्हणाली, "साहेब, मध्ये तर माधुरी पडली."

शेवटी मान्य झालं. दवाखान्यांनीच रेटा लावला म्हणून झालं. पण नावं मागायची वेळ आली तेव्हा थोड्याच लोकांनी दिली. उरलेले नियम तसेच पोरके पडून होते. मग एका दुपारी प्रज्ञा बसली आणि त्या सगळ्या पोरक्या नियमांवर तिनं स्वतःचं नाव टाकलं. स्वतःचा नंबर टाकला.

तेव्हापासून फोन सुरू झाले. तिवशाहून, मूर्तिजापूरहून, दर्यापूरहून. "ताई, आधारवर आडनाव वेगळं हाय, कार्डावर माहेरचं हाय, पेशंट तीच हाय." ती विचारायची, तुम्ही स्वतः पाहिलं का? तुमचं नाव सांगा. मग ती गेट उघडायची. तिचं नाव, फोन करणाऱ्या सिस्टरचं नाव, दोन्ही टाकायची. इथं बसलेल्या कितीतरी सिस्टर तिला कधी भेटल्या नाहीत. आज फोटोतच पहिल्यांदा पाहतात. पण तिचा आवाज ओळखतात.

आणि ती नाहीही म्हणायची हां. एका बड्या माणसाच्या कार्यकर्त्याचा फोन आला, आमच्या माणसासाठी आयसीयूची खाट धरून ठेवा, पेशंट उद्या येणार आहे. तिकडे दवाखान्यात एक म्हातारबा त्याच खाटेसाठी थांबलेले. ती म्हणाली, "माझ्या नावानं नाही होणार. तुमचं पूर्ण नाव सांगा, तुमच्या नावानं टाकते. म्हाताऱ्याच्या घरच्यांनी विचारलं तर तुमचा नंबर देते." त्यानं फोन ठेवला. नाव काही दिलं नाही.

आता पुढचं सांगते. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. तिच्या भावाला, आनंदला, तुकड्यातुकड्यांत सांगितलं.

आम्ही दोघी अकोल्याला गेलो होतो. तिथल्या एका दवाखान्यात नवीन लोकांना शिकवायचं होतं. काम आटोपलं, स्टँडजवळ चहा घेतला. ती म्हणाली, डोकं लय दुखते वं. मी म्हटलं, ऊन आहे, गाडीत झोप. आणि ती उभ्या उभ्या माझ्या अंगावर कोसळली.

रिक्षावाल्यानं आणि मी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, मेंदूत रक्तस्राव आहे, इथं सोय नाही, दुसरीकडे आयसीयूची खाट बघावी लागेल. काउंटरवर एक रिसेप्शनिस्ट होत्या. त्यांनी आमच्याच यंत्रणेत मागणी टाकली. मी तिच्या पर्समधून कार्ड काढून दिलं. आणि स्क्रीनवर आलं, विनंती नाकारली.

कार्डावर तिच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. नाव जुळलं नाही तर थांबवायचं, तोच नियम होता. पोरका. तिनं घेतलेला.

त्या बाई मला धीर देत म्हणाल्या, "घाबरू नका ताई, खाली नंबर येते, मॅडम लगेच उचलतात." आणि त्यांनी नंबर फिरवला.

माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये फोन वाजला.

मी काय सांगू तुम्हाला. स्ट्रेचर माझ्या डाव्या हाताला होतं. तिचे डोळे अर्धे उघडे होते. आणि तिची पर्स माझ्या खांद्यावर, आणि आत तिचा फोन वाजतोय. त्या बाईंना आधी कळलंच नाही. त्या फोन कानाला लावून वाट पाहत होत्या. मी फोन काढला, उचलला. त्या म्हणाल्या, "हॅलो, प्रज्ञा मॅडम?" तो आवाज मला समोरून ऐकू आला आणि कानातूनही आला. मी म्हटलं, "मॅडम ह्या आहेत." आणि बोट दाखवलं.

त्या बाईंनी आधी स्ट्रेचरकडे पाहिलं, मग स्क्रीनवरच्या नावाकडे, मग पुन्हा स्ट्रेचरकडे. त्यांच्या हातातला फोन खाली आला. त्या हळूच म्हणाल्या, "मंग आता कोनाले विचारू?"

हा प्रश्न मला झोपू देत नाही. आम्ही एवढ्या सगळ्यांनी मिळून तिच्या एकटीच्या अंगावर सगळे नकार टाकले होते. ती आडवी झाली तर कोण, हा विचार कुणाच्याच मनात आला नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

मी म्हटलं, "माझं नाव टाका. शुभांगी. मी ओळखते हिला, हीच ती." त्यांनी टाकलं. गेट उघडलं. खाट मिळाली, गाडी आली.

तरी ती गेली. काही दिवस मशीनवर होती, आणि गेली. डॉक्टर म्हणाले, स्राव मोठा होता, त्या उशिरानं फरक पडला नसता. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की असं नाही सांगता येत.

म्हणजे आता तो 'कदाचित' माझ्याकडे आला आहे.

गजाननभाऊ, तुम्हाला सांगते, त्या वेळेपासून मला तुमचे ते न बोलता केलेले फोन समजायला लागले.

तिच्या जाण्यानंतर ऑफिसात ठरलं की तिचं नाव काढायचं आणि तिथं 'व्यवस्थापन' असं टाकायचं. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि मला ते करता आलं नाही. मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, तिनं ज्यासाठी एवढं भांडण केलं, तेच पुन्हा? सर खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "रक्ताच्या नियमावर माझं नाव टाका. माझा स्वतःचा नंबर टाका, ऑफिसचा नको." सर, हे मी सांगितलं म्हणून रागावू नका. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला किती फोन आले आणि तुमचा चेहरा कसा झाला, ते आम्ही पाहतो आहोत. तुम्ही उचलता. हेही आम्ही पाहतो आहोत.

रक्तपेढीच्या डॉक्टरांनी एक नियम घेतला. दोन सिस्टरनी मिळून एक घेतला, एकीच्या सुट्टीत दुसरी. म्हणजे आता एकाखाली दुसरं नाव असतं. पण सगळ्या नियमांना अजून माणूस मिळालेला नाही. मंडळी, आत्ता आपण इथं बसलो आहोत आणि विदर्भातल्या कुठल्यातरी काउंटरवर एखाद्याला नकार मिळत असेल, आणि त्या नकाराखाली एका गेलेल्या बाईचं नाव झळकत असेल. लोक तो नंबर फिरवतात.

आणि तो फोन वाजतो. मावशींकडे आहे तो.

आनंद म्हणाला होता, आई, बंद करून टाकू. मावशी म्हणाल्या, "बंद नोको करू. कोनाले तरी नाई म्हनलं असन." त्या स्वतः उचलतात. पलीकडून कुणी म्हणतं, मॅडमला द्या. त्या म्हणतात, "मॅडम गेली बाप्पा. मी तिची माय. बोला तुमी." मग ऐकून घेतात आणि मला फोन लावतात. एकदा तो फोन गजाननभाऊंचा होता. पलीकडून काहीच आवाज येईना. मावशींना वाटलं, रेंज गेली. त्या म्हणाल्या, "मी तिची माय हावो. ते नाई आता." त्यावर भाऊ बोलले. काय बोलले, ते त्या दोघांचं. मला मावशींनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतर मावशी अचलपूरला जाऊन बाळाला पाहून आल्या.

आज सकाळी मी मावशींकडे गेले होते. हार आणायचे होते, फोटो आणायचा होता. त्या तिच्या खोलीत फोन हातात घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "शेंदूरजनाघाटहून फोन आल्ता. एका लेकराले अमरावतीत खाट पाह्यजे म्हने. तुले सांगू म्हनलं तं तू आलीच." मी तिथंच पलंगावर बसून लॅपटॉप उघडला. तिकडच्या सिस्टरशी बोलले, कागद पाहून घेतले, त्यांचं नाव विचारलं. आणि त्या नियमावर प्रज्ञाचं नाव होतं.

मी तिचं नाव काढलं. मंडळी, फार जड गेलं हो. ते आपल्या हातानं पुसायचं म्हणजे... असो. तिथं माझं टाकलं. त्याखालचं दुसरं नाव शेजारी बसलेल्या आनंदनं सुचवलं, त्या माणसाला फोनवर विचारून तेही टाकलं. आणि खाट दिली.

मावशी पाहत होत्या. म्हणाल्या, "भेटली का खाट?"

"भेटली मावशी."

"कोनाच्या नावानं?"

"माझ्या."

त्यांनी पदरानं तो फोन पुसला, उशीजवळ ठेवला, आणि म्हणाल्या, "बरं झालं. एवढी जागून राह्यली. आता झोपन माही पोरगी."

माझं बोलणं संपलं.

राहिलेले नियम आहेत. ज्यांना घ्यायचे असतील त्यांनी बाहेर मला भेटा. आत्ता, मावशींना बसून राहू द्या, बाकी आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

प्रज्ञा, जय भीम.